पूरनकाशावर कोणत्या गावाचं नाव दिसावं? क्यूजीआयएसमध्ये लेबलं अशी आवरा

जुलैत पंचगंगा वाढायला लागली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला: "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. तिथं किती फूट झालं की कोणत्या गावात पाणी शिरतं, याचा करवीर तालुक्याचा रंगीत नकाशा आपण क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतोय असं धरू. गावांच्या लेअरमध्ये, म्हणजे नकाशावरच्या गावांच्या थरात, "फूट" हा कॉलम आहे, रंग भरून झालेत. राहिली नावं.

लेअरवर डबल क्लिक करून 'लेबल्स' उघडा. 'सिंगल लेबल्स' निवडलंत तर सगळी गावं एकदम हजेरी द्यायला उभी राहतात आणि खालचे रंग झाकले जातात. म्हणून 'रूल-बेस्ड लेबलिंग' घ्या.

हिरव्या अधिक चिन्हावर क्लिक करून पहिला नियम करा. फिल्टरमध्ये "फूट" <= ३९ अशी अट घाला. कॉलमचं नाव दुहेरी अवतरणात हवं, आणि आकडा टाइप करताना इंग्रजी अंकच वापरा. मराठी अंक त्याला आकडे वाटत नाहीत. या गावांना ठळक अक्षर द्या. दुसरा नियम ३९ च्या वर ते ४३ पर्यंत, अक्षर लहान. पुढच्या गावांना नियमच करू नका, त्यांना रंग पुरे. एखादं गाव दोन्ही अटींत बसलं तर त्याचं नाव दोनदा उमटतं, तेव्हा सीमेवरचा आकडा एकाच नियमात ठेवा.

इथं एक खड्डा आहे. माहिती नसलेल्या गावापुढे शून्य भरलंत, तर ते पहिल्या नियमात बसून सगळ्यात आधी बुडणारं गाव म्हणून झळकेल. कॉलममधला तो चौकोन रिकामाच सोडा; रिकामा चौकोन कुठल्याच अटीत बसत नाही.

आता गर्दी. आंबेवाडी आणि चिखली शेजारी-शेजारी. लेबलं एकमेकांवर येत असली की क्यूजीआयएस त्यातलं एक गुपचूप गाळतं, विचारत नाही. पूरनकाशात गाळलेलं नाव परवडणारं नाही. लेबल टूलबारवरचं 'शो अनप्लेस्ड लेबल्स' चालू करा, जागा न मिळालेली नावं लाल दिसतील. मग 'प्लेसमेंट'मध्ये पहिल्या नियमाची 'प्रायॉरिटी' वाढवा. तरीही अडलं तर 'मूव्ह लेबल'नं नाव हातानं सरकवा. पहिल्या वेळी ते गावाला वेगळं ओळखणारा कॉलम विचारेल. 'रेंडरिंग'मधून लेबलं एकमेकांवर चढू देण्याचीही सोय आहे, पण मी ती टाळतो. दोन नावं एकात एक गेली की दोन्ही वाचता येत नाहीत.

नावांभोवती पांढरा 'बफर', म्हणजे अक्षरांना पांढरी कड द्या, गडद निळ्यावर अक्षर उठून दिसतं.

छापण्याआधी 'प्रिंट लेआउट'मध्ये पुन्हा बघा. तिथलं स्केल वेगळं असेल तर लेबलांची मांडणी नव्यानं होते, आणि स्क्रीनवर दिसणारी चिखली कागदावर नसते.