नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड: ग्रुप घेऊन जाताय? मग या चुका टाळा

नोव्हेंबर संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, यंदा नळीची वाट करायची आहे. पंधरा जण आहोत. एका दिवसात होते ना?" होते. पहाटे बेलपाड्यातून निघालं तर संध्याकाळी उजेडात गडाच्या दुसऱ्या बाजूच्या खिरेश्वर गावात उतरता येतं. पण याच फोनवाल्यांची हकिकत आठवडाभराने ऐकायला मिळते: कुणी दगडाखाली आलं, कुणी अंधारात अडकलं, कुणाचं पाणी अर्ध्यात संपलं. चुका त्याच त्या, दरवर्षी नव्या माणसांनी केलेल्या. माझी या वाटेने पुष्कळ जाणी-येणी झाली आहेत, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

वाट ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुरबाड तालुक्यातलं बेलपाडा हे माळशेजच्या पायथ्याचं गाव. तिथून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून कोकणकड्याच्या पायथ्याशी जायचं आणि कड्याच्या कुशीतल्या घळीतून, म्हणजेच नळीतून, थेट गडाच्या माथ्यावर निघायचं. चढ हजार मीटरच्या आसपास. पायाखाली धोंडे, घसारा आणि वरच्या भागात कातळटप्पे. पावसाळ्यात ही घळ म्हणजे पाण्याचा आणि दगडांचा मार्ग, तेव्हा तिकडे फिरकायचंच नाही. मी स्वतः डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्यातच जातो.

दगड पाडणं आणि पाडून गप्प बसणं

नळीत दगड सुटतो. तुम्ही कितीही जपून चाला, कुठे ना कुठे सुटणारच. खरी चूक पुढे होते. दगड सुटला की नवखा माणूस एक तर गप्प बसतो किंवा "सॉरी" म्हणतो. खालच्याला "सॉरी"चा काय उपयोग? त्याला एकच शब्द ऐकू यायला हवा: "दगड!" तोही पोटातून ओरडून, लाज न बाळगता, दगड लिंबाएवढा असला तरी. आणि खालच्याने हे ओरडणं ऐकलं की वर तोंड करून बघायचं नाही. कातळाला चिकटायचं, डोकं खाली घालायचं आणि सॅक मानेवर येऊ द्यायची.

दुसरी गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. "एकमेकांत अंतर ठेवा" हा सल्ला सगळे देतात. सरळ पायवाटेवर तो ठीक आहे. घळीत मात्र तीस-चाळीस फूट खाली, अगदी सरळ रेषेत असलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो, कारण त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर दगडाने वेग घेतलेला असतो. म्हणून मी ग्रुपचे चार-चार, पाच-पाच जणांचे तुकडे करतो. तुकड्यातली माणसं हाताच्या अंतरावर चालतात, म्हणजे सुटलेला दगड लगेच हाताने-पायाने अडतो. एक तुकडी चढत असताना बाकीचे बाजूच्या कातळाच्या आडोशाला उभे राहतात आणि वरून "या" अशी हाक आल्याशिवाय हलत नाहीत. वेळ लागतो. लागू दे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चौदा जण होतो. साडेनऊच्या सुमाराला नळीच्या मधल्या टप्प्यात होतो. एक तरुण मुलगा, अंगाने काटक, दम भरपूर, सारखा पुढे पळत होता. दोनदा थांबवला. तिसऱ्यांदा मी मागच्या तुकडीला दोर धरून देण्यात गुंतलो आणि तेवढ्यात तो वाटाड्यालाही ओलांडून वर गेला. एका मोठ्या धोंड्यावर पाय ठेवला, तो हलला आणि त्याच्याखालचा नारळाएवढा दगड निसटला. ओरडला तो नाहीच. मला आधी आवाज आला, टाळी वाजवावी तसा, कातळावर एक टप्पा पडल्याचा. मग दुसरा. वाटाडे मामा "दगड! दगड!" म्हणून ओरडले तेव्हा तो दगड आमच्या दुसऱ्या तुकडीच्या डोक्यावर होता. तिथली ताई कातळाला चिकटली होती, पण आधारासाठी एक हात बाहेर राहिला होता. दगड आधी सॅकच्या बाजूच्या स्टीलच्या बाटलीवर आपटला आणि तिथून मनगटाच्या वर. बाटली एका बाजूने अशी चेपली की झाकण फिरेना. हाताचं हाड मोडलं होतं.

बाटली मध्ये आली नसती तर तो दगड कुठे लागला असता, हा विचार आजही नळीच्या तोंडाशी आलो की मनात येतो.

कॅरीमॅटचा तुकडा कापून हाताला दोन्ही बाजूंनी लावला, वरून क्रेप बँडेज, आणि मामांच्या पंच्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला. खाली उतरणं जास्त धोक्याचं होतं. नळीत उतरणं हे चढण्यापेक्षा अवघडच, त्यात एक हात बांधलेला. म्हणून वरच निघायचं ठरवलं. कातळटप्प्यांवर तिला कमरेला दोर बांधून वर घेतलं. माथ्यावर पोचायला तीन वाजले. गडाच्या पलीकडच्या पाचनई गावात उतरून, गाडी मिळवून तिला राजूरला नेईपर्यंत रात्र झाली. एवढ्या वेळात ती एकदाही त्या मुलावर चिडली नाही. मुलगा मात्र दिवसभर कुणाशी बोलला नाही.

तेव्हापासून माझ्या ग्रुपमध्ये वाटाड्याच्या पुढे कुणी जात नाही. दम असलेल्याने तो दुसऱ्याची सॅक उचलण्यात खर्च करावा. आणि हेल्मेटशिवाय नळीत प्रवेश नाही. हेल्मेट हनुवटीखाली पट्टा असलेलं हवं. बांधकामावरचं बिनपट्ट्याचं पिवळं टोपडं पहिल्या धक्क्यालाच उडून जातं.

सगळ्यात हळू माणसाला सगळ्यात मागे ठेवणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक ग्रुप करतो. पुढचे झपाझप जातात, सावलीत बसतात, चिक्की खातात, फोटो काढतात. वीस मिनिटांनी मागची काकू धापा टाकत येते. ती आली रे आली की पुढचे म्हणतात, "चला, आले सगळे!" आणि उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना वीस मिनिटं, आणि जिला आहे तिला शून्य. असं चार वेळा झालं की ती पाणी प्यायलाही थांबत नाही, कारण आपल्यामुळे सगळे खोळंबलेत याची तिला लाज वाटते. अशी माणसं "मी ठीक आहे" एवढंच म्हणतात. मग अकराच्या सुमाराला पोटऱ्यांत गोळे येतात, तोंड पांढरं पडतं, आणि तेव्हा कुठे लीडरच्या लक्षात येतं.

उपाय सोपा आहे. सगळ्यात हळू माणूस वाटाड्याच्या लगेच मागे, दोन नंबरला. त्याची चाल तीच ग्रुपची चाल. विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची. मी स्वतः बॅकलीडला, म्हणजे सगळ्यात मागे, असतो आणि प्रत्येक थांब्यावर माणसं मोजतो, मोठ्याने, नंबर म्हणायला लावून. तरण्याताठ्यांना हे शाळेच्या सहलीसारखं वाटतं आणि हळू चालायचा कंटाळा येतो. ज्याला स्वतःच्या वेगाने जायचंय त्याने चार मित्र घेऊन वेगळं जावं. पंधरा जणांचा ग्रुप म्हटला की तो पंधराव्या माणसाच्या चालीनेच चालणार.

उन्हाचं गणित चुकणं

कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी नळीत छान सावली असते आणि लोक फसतात. "गार आहे, आरामात जाऊ" म्हणत ओढ्यातच नाश्ता लांबवतात. दुपारी ऊन कड्यावर आलं की तोच कातळ तव्यासारखा तापतो आणि हात ठेववत नाही. मी पहाटे पाचला हेडटॉर्च लावून गाव सोडतो. शेवटच्या कातळटप्प्यांखाली अकरापर्यंत पोचायचं हा माझा नेम. पहिल्या कातळटप्प्याशी आल्यावर ग्रुपकडे नीट बघतो: कुणाचे पाय थरथरताहेत, कुणाचं पाणी संपत आलंय. परत फिरायचं असेल तर तिथूनच. त्याच्या वर गेलात की वरच निघावं लागतं.

पाणी माणशी चार लिटर. ओढ्याच्या डोहात मिळेल या भरवशावर राहू नका, पावसाळा सरत गेला की डोह आटतात आणि नळीत तर काहीच नसतं. सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस. कोल्ड्रिंकने तहान भागत नाही.

बूट ट्रेकच्या आधी आठवडाभर रोज घाला. वर्षभर माळ्यावर पडलेल्या बुटांचा तळ वरून धड दिसतो, पण दमट हवेने आतून भुसभुशीत झालेला असतो आणि पहिल्या तासाभरात टाळूपासून जबडा उघडावा तसा सुटतो. माझ्या सॅकमध्ये यासाठी सुतळी आणि प्लास्टिकच्या चार केबल टाय कायम असतात. आजवर दुसऱ्यांच्याच बुटांना लागल्या.

मोबाइलमधल्या ट्रॅकवर विसंबून वाटाडा टाळू नका. उंच कड्यांच्या मध्ये लोकेशन इकडचं तिकडे दाखवतं, आणि गेल्या पावसात कुठला धोंडा सरकला हे बेलपाड्यातल्या माणसालाच ठाऊक असतं. पंधरा जणांत त्याची मजुरी वाटली तर येते किती? बसच्या चहा-नाश्त्यापेक्षा कमी. त्यातही घासाघीस करणारे पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

कड्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, विनाकारण आरडाओरडा, काही नको.

जीन्स घालू नका.

आणि गाडी बेलपाड्यात ठेवून वर जाऊ नका. ही चूक घरी नकाशा न उघडणाऱ्यांची. वर पोचल्यावर उतरायचं असतं खिरेश्वरला किंवा पाचनईला, आणि गाडी राहते कोकणात. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगायचं: आम्हाला सोडून तू माळशेज घाट चढून खिरेश्वरला ये, संध्याकाळी पाचपासून तिथे थांब. गडावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून हे फोनवर नाही, समोर बसून ठरवायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. त्याच कागदावर सगळ्यांची नावं, घरचा एकेक नंबर, आणि रात्री नऊपर्यंत आलो नाही तर कुणाला कळवायचं ते. दुसरी प्रत वाटाड्याच्या घरी. मामांच्या घरात तो कागद देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टोचलेला असतो, आणि आम्ही उतरल्याचा निरोप पोचला की मामी तो काढून चुलीत घालतात.