वल्ह्याची मूठ मांडीला घासतेय? आधी रिगिंग बघा

मूठ मांडीला घासते, पातं पाण्यात नको तेवढं खोल जातं, अर्ध्या तासात खांदे भरून येतात. अशा वेळी आपण स्वतःच्या हातांना दोष देत बसतो. खरं तर सिंगल स्कल (एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट) जुनी असो वा क्लबची, तिचं रिगिंग, म्हणजे वल्ही, सीट आणि पायांच्या जागांची जुळवणी, बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या मापाने केलेली असते. सायकलची सीट आपण बेधडक वर-खाली करतो, रिगरला (बोटीबाहेर आलेल्या, वल्हं पेलणाऱ्या सांगाड्याला) मात्र हात लावायला घाबरतो.

हाताशी १० आणि १३ मिमीचे पाने (काही बोटींना इंची पाना लागतो), मीटर टेप, स्पिरिट लेव्हल, बोटीच्या दोन्ही काठांवर आडवी पुरेल अशी सरळ पट्टी आणि चिकटपट्टी ठेवा. एकही नट सैल करण्याआधी आत्ताची मापं लिहून काढा आणि फुटस्ट्रेचरच्या (पाय टेकवायच्या, बूट बसवलेल्या फळीच्या) जागेवर चिकटपट्टी लावून खूण करा. मी एकदा हा कंटाळा केला आणि जुनी जागा शोधण्यात पुढचे दोन रविवार घालवले.

रोइंगमध्ये माणूस पाठमोरा पुढे जातो, त्यामुळे ‘पुढे-मागे’ म्हटलं की गोंधळ होतो. म्हणून इथे ‘समोर’ म्हणजे तुमच्या नजरेची बाजू आणि ‘पाठीकडे’ म्हणजे बोट जाते ती बाजू.

सुरुवात फुटस्ट्रेचरपासून करा, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. बोट धक्क्याला लावून कुणाला तरी धरायला सांगा. पाय सरळ करून, किंचित पाठीकडे कलून, पातं पाण्यात ठेवून मुठी शरीराशी आणा. अंगठे खालच्या बरगड्यांना दोन्ही बाजूंनी हलकेच लागले पाहिजेत. मुठी पोटासमोरच एकमेकींजवळ अडकत असतील, तर फुटस्ट्रेचर एक खाच पाठीकडे घ्या. त्या शरीराच्या बाहेर निसटत असतील, तर एक खाच समोर. मग गुडघे दुमडून पूर्ण समोर या. नडग्या साधारण उभ्या झाल्या की पुरे. तिथवर येण्याआधीच सीटची चाकं रुळाच्या टोकाला आपटत असतील, तर रूळ सरकवा, फुटस्ट्रेचर नको.

घोटे किंवा कंबर आखडलेली असेल, तर बूट एक भोक खाली घ्या. आणि बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी तपासा: टाच ५ ते ७ सेंमीपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये. बोट उलटली तर याच दोरीमुळे पाय बुटातून सुटतो. तुटकी दोरी असलेली बोट पाण्यात नेऊ नका.

आता उंची. बोट स्टँडवर समतल ठेवा आणि पट्टी दोन्ही काठांवर आडवी टाका. पट्टीपासून सीटच्या सर्वांत खोलगट भागापर्यंतचं आणि पट्टीपासून वर ओरलॉकच्या (रिगरच्या टोकाला वल्हं अडकवायच्या खोबणीच्या) तळापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींची बेरीज म्हणजे उंची. ती १४ ते १८ सेंमीच्या आसपास असते. पातं पाण्याबाहेर काढताना मूठ मांडीला लागते तेव्हा ओरलॉक खाली आहे. ओढताना हात छातीवर चढतात, खांदे कानाकडे जातात, तेव्हा तो वर आहे. पिनवरचे (ओरलॉक ज्या उभ्या दांड्यावर फिरतो त्यावरचे) वॉशर खालून काढून वर लावले की ओरलॉक खाली येतो, उलट केलं की वर जातो. चाप असलेले प्लास्टिकचे वॉशर असतील तर नट न काढताही हे होतं. एका वेळी एकच वॉशर हलवा. डावा हात उजव्याच्या वरून नेण्याची पद्धत असेल, तर डाव्या हाताकडचा ओरलॉक १ ते २ सेंमी उंच ठेवतात. तो फरक बघून ‘चूक’ दुरुस्त करायला जाऊ नका!

दोन पिनांमधलं अंतर बहुधा १५८ ते १६० सेंमी असतं. बऱ्याच हौशी बोटींत ते बदलताच येत नाही. येत असेल तर दोन्ही पिना बोटीच्या मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर हव्यात. वल्ह्याची कॉलर (ओरलॉकला टेकणारं वल्ह्यावरचं कडं) मुठीच्या टोकापासून ८७ ते ८९ सेंमीवर ठेवली आणि वल्ही बोटीला काटकोनात धरली, तर मुठी एकमेकींवर १५ ते २० सेंमी येतात. वल्हं जड वाटत असेल, तर कॉलर पात्याकडे १ सेंमी सरकवून बघा, पण दोन्ही वल्ह्यांची सारखीच.

पात्याचा कल, म्हणजे पिच, साधारण ४ अंश असतो. कल कमी पडला तर पातं खोल बुडतं, जास्त झाला तर ओढता ओढता वर येतं. तो ओरलॉकमधल्या आकडे कोरलेल्या प्लास्टिकच्या बुशने बदलतो. नवख्याने शक्यतो याला हात लावू नये. पातं खोल जाण्याचं कारण दहातल्या आठ वेळा घट्ट पकडलेली मूठ असते, असं माझं मत.

शेवटी नट आवळा, पण जोर लावून नाही. ॲल्युमिनियमचे आटे सहज मरतात. ओरलॉकचं मोकळं तोंड समोर आहे ना, हे बघा. रिगर काढून पुन्हा लावताना डावा-उजवा बदलला की ते उलटं होतं. मग काठालगत दहा मिनिटं वल्हवा, परत या आणि पुढचा बदल करा. पाना बोटीतच दोरीला बांधून ठेवा, पहिल्या फेरीत एखादा नट सैल होतोच.