मी 'नॉट' फेकून दिला होता

राज्यशास्त्रातून संख्यात्मक मजकूर विश्लेषणाकडे, म्हणजे संगणकाने शब्द मोजून मजकूर अभ्यासण्याकडे वळलो, तेव्हा पहिली चूक याच शब्दाची झाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दर सप्टेंबरात देशोदेशीचे नेते बोलतात. त्या भाषणांची इंग्रजी संहिता 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत घेतली, तिच्या 'क्वांटेडा' या मजकूर-विश्लेषणाच्या पॅकेजातली तयार स्टॉपवर्ड-यादी (बिनमहत्त्वाचे म्हणून गाळायच्या शब्दांची) लावली आणि आलेख काढून मोकळा झालो. पंधरवड्याने यादी उघडून वाचली, तर 'द' आणि 'ऑफ'च्या पंगतीत 'नॉट' आणि 'अगेन्स्ट'ही बसलेले! युद्ध हवं म्हणणारा आणि नको म्हणणारा, माझ्या तक्त्यात दोघे सारखेच. शब्दागणिक अधिक-उणे गुण देणाऱ्या भावनाकोशाने तर गरिबीविरुद्ध लढ्याची घोषणा करणारा देश निराशावादी ठरवला. 'गरिबी' उणे एक, 'लढा' उणे एक.

नवखे थेट मॉडेलकडे धावतात: शब्दांवरून भाषणांना एका रेषेवर मांडणारं वर्डफिश, विषय शोधणारं एलडीए, हल्ली चॅटजीपीटीसारख्यांच्या मुळाशी असलेलं ट्रान्सफॉर्मर. मीही धावलो. पण खरी मेख आधीच्या साफसफाईत असते. विरामचिन्हं ठेवायची का, आकडे ठेवायचे का, प्रत्यय छाटायचे का? असे सात हो-नाही निर्णय धरले तरी १२८ पर्याय होतात, आणि निवडीगणिक निष्कर्ष बदलू शकतात, हे डेनी आणि स्पर्लिंग यांनी २०१८ मध्ये दाखवलं. तो लेख आधी वाचा, कोड नंतर.

काय फेकायचं, हे प्रश्नावर ठरतं. अमेरिकी राज्यघटनेच्या समर्थनार्थ टोपणनावाने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट'मधले १२ वादग्रस्त लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली मॅडिसनच्या बाजूने सोडवला, तो 'अपॉन'सारख्या किरकोळ शब्दांवर. हॅमिल्टन तो सर्रास वापरायचा, मॅडिसन क्वचित. विषय शोधताना जो कचरा, तोच तिथे पुरावा.

टॉपिक मॉडेलचंही (एलडीएसारखं, एकत्र येणाऱ्या शब्दांवरून विषय काढणारं) थोडक्यात सांगतो. माझा सगळ्यात ठळक विषय निघाला आमसभेच्या अध्यक्षांचं अभिनंदन. बहुतेक भाषणांची सुरुवातच तशी असते. चार भाषणं नीट वाचली असती तरी कळलं असतं.

म्हणून आता मी आधी हाताने कोडिंग करतो, म्हणजे परिच्छेद वाचून प्रत्येकाला विषय लावतो. शंभर परिच्छेद, दोन माणसं, एकमेकांचं न बघता. दोघांचं किती जुळतं ते सांगणारा क्रिपेनडॉर्फचा अल्फा पहिल्या खेपेला ०.५२ आला, ०.८ च्या आसपास असला तर निर्धास्त राहता येतं. भांडण कशावरून? विकास साहाय्य 'अर्थकारणा'त घालायचं की 'परराष्ट्र धोरणा'त. दोन दिवस त्यातच गेले आणि कोडबुकातली (वर्गवारीच्या नियमांच्या वहीतली) दोन ओळींची व्याख्या दीड पानाची झाली. मॉडेल मग एका दुपारीच चालवलं.