गाठोडे सोडून बघितल्याशिवाय ताब्यात घेऊ नका: घरून इस्त्रीचे काम सुरू करणाऱ्यांसाठी

इतरांच्या कपड्यांना घरी इस्त्री करून चार पैसे जोडावेत, असा विचार करणाऱ्या व्यक्तीला इस्त्री करता येते, हे मी गृहीत धरते. कॉलर टोकांकडून मध्याकडे करावी, बाहीच्या शिवणी आधी जुळवून घ्याव्यात, बटणांच्या मधल्या जागेत इस्त्रीचे फक्त टोक फिरवावे, या गोष्टी घरच्या कपड्यांवर हात बसलेल्या कोणालाही माहीत असतात. मलाही त्या माहीत होत्या आणि त्याच भरवशावर मी पहिले काम घेतले. परक्याच्या कपड्याची जबाबदारी म्हणजे काय, हे मात्र मला माहीत नव्हते. घरचा कपडा बिघडला तर हळहळ वाटते आणि विषय संपतो. परक्याचा बिघडला तर भरपाई द्यावी लागते, आणि तो आपल्या हातून बिघडला की आधीपासूनच तसा होता, हे दाखवायला आपल्याजवळ काहीच नसते.

माझे नुकसान नेमके इथेच झाले, म्हणून ते सविस्तर सांगते. काम सुरू करून दुसरा महिना चालू होता. ओळखीच्या एका घरून कपड्यांची पिशवी आली. संध्याकाळची वेळ होती, देणाऱ्या बाई घाईत होत्या, आणि त्यांच्यादेखत त्यांचे कपडे उलगडून न्याहाळणे मला प्रशस्त वाटले नाही. मी पिशवी घेतली, उद्या देते म्हणाले आणि दार लावले. रात्री त्यातला पांढरा सुती शर्ट फळीवर घेतला. तो धुतलेला होता आणि दिव्याखाली स्वच्छ दिसत होता. खिशाच्या खाली साधारण तीन बोटे रुंदीच्या जागेवरून इस्त्री एकदा फिरली आणि तिथे फिकट पिवळी छटा उमटली. ओल राहिली असेल असे समजून मी त्याच जागेवर पुन्हा इस्त्री फिरवली, तेव्हा ती छटा तपकिरी झाली आणि तिची कडा स्पष्ट दिसू लागली. इस्त्रीचा तळ तपासला तर तो स्वच्छ होता, आणि शेजारच्या कापडाला काहीही झालेले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “देताना तर शर्ट पांढराशुभ्र होता.” त्या खोटे बोलत नव्हत्या, त्यांना तो तसाच दिसला होता. माझी पाच आठवड्यांची कमाई त्या एका शर्टात गेली.

असे का होते, हे मला नंतर समजले आणि ते प्रत्येक नवख्याला आधीच समजायला हवे. साखर घातलेले रंगहीन पेय कपड्यावर सांडले की वाळल्यावर काहीच दिसत नाही. वरवर धुतलेल्या कपड्यात ती साखर धाग्यांमध्ये शिल्लक राहते आणि इस्त्रीच्या उष्णतेने तपकिरी होते. दूध, अंडे, रक्त यांसारख्या प्रथिनांच्या डागांचे दुखणे वेगळे आहे: उष्णतेने ते कापडात पक्के बसतात आणि पुढच्या धुण्यात निघत नाहीत. नीट न खंगाळलेल्या कपड्यात राहिलेला साबण किंवा जास्तीची खळ हीसुद्धा गरम इस्त्रीखाली करपून पिवळी पडते. म्हणजे डाग इस्त्रीने पाडलेला नसतो, पण तो इस्त्रीखाली पहिल्यांदा दिसतो किंवा कायमचा होतो, आणि दोष इस्त्री करणाऱ्याच्या माथी येतो. “धुतलेला आहे” या शब्दावर म्हणूनच कधीही विसंबू नका.

आता मी काय करते ते सांगते. कपडे आणणाऱ्या व्यक्तीला बसवते आणि तिच्यासमोर प्रत्येक नग उलगडते. वरून पडणाऱ्या उजेडात फिके डाग दिसत नाहीत, म्हणून कापड खिडकीकडे तिरके धरते. आधी कॉलरची आतली घडी, मग काखा, कफ, छातीपासून पोटापर्यंतचा भाग आणि पॅंटचे गुडघे, या क्रमाने नजर फिरवते. सैल बटण, उसवलेली शिवण, ओढला गेलेला धागा, गडद पॅंटच्या बैठकीवर आधीच आलेली चकाकी, कापून टाकलेले लेबल, जे दिसेल ते मोठ्याने बोलते आणि वहीत लिहिते. नगांची संख्या, रंग, दिसलेला दोष आणि परत देण्याचा दिवस, एवढेच लिहायचे असते. डाग दिसला तर मी सांगते, “यावर इस्त्री फिरली की हा कायमचा बसेल, पुन्हा धुऊन आणा, मी लगेच करून देते.” छायाचित्र काढून ठेवायलाही हरकत नाही, परंतु समोरासमोर बोललेल्या वाक्याची जागा छायाचित्र घेत नाही. वाद झालाच तर त्या व्यक्तीला ते वाक्य आठवते आणि बोलणे तिथेच थांबते.

असे तपासले तर गिऱ्हाईक दुखावेल, ही भीती मलाही होती आणि ती बहुतांशी निराधार ठरली. बहुतेकांना आपल्या कपड्यांकडे कोणी इतक्या बारकाईने बघते याचे समाधानच वाटते. एक घर मात्र तेवढ्यावरून तुटले. त्याची खंत मी काही दिवस केली आणि नंतर सोडून दिली, कारण उलगडून बघू न देणारे कपडे हातात नसलेलेच बरे.

लेबलावरच्या ठिपक्यांकडे घरी फारसे कोणी बघत नाही, पण या कामात त्यांच्याशिवाय चालत नाही. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर तळाचे तापमान जास्तीत जास्त 110 अंश सेल्सियस, दोन असतील तर 150 आणि तीन असतील तर 200, आणि चित्रावर फुली असेल तर इस्त्री करायचीच नाही. ॲक्रिलिक आणि नायलॉन सामान्यतः एका ठिपक्यात येतात, पॉलिएस्टर आणि लोकर दोनमध्ये, सुती आणि लिनन तीनमध्ये. मिश्र कापडात त्यातला सर्वांत नाजूक धागा तापमान ठरवतो: सुती आणि पॉलिएस्टरचे मिश्रण हाताला सुतीसारखे लागले, तरी त्याला पॉलिएस्टरच समजावे. लेबल नसेल तर आतल्या दुमडीवर सर्वांत कमी तापमानाने सुरुवात करून बघावे. कपड्यांचा क्रमही यावरून ठरतो. इस्त्री चटकन तापते आणि फार सावकाश निवते, म्हणून एका ठिपक्याचे कपडे आधी घ्यावेत आणि सुती शेवटी. गाठोड्यातून जो कपडा वर आला तो आधी घ्यायचा, ही सवय मोडली नाही तर एक दिवस तीन ठिपक्यांवर तापलेली इस्त्री नायलॉनवर टेकेल आणि कापड तळाला चिकटून येईल.

गडद रंगाच्या पॅंटी, स्कर्ट आणि कोट उलट बाजूने करावेत, आणि सरळ बाजूने करायची वेळ आली तर वर पातळ सुती फडके घ्यावे. फडके न घेता मी एक निळी पॅंट केली होती. शिवणीच्या दोन्ही बाजूंना, जिथे आत कापडाची जाडी दुप्पट होती, तिथे दोन चकचकीत रेघा उठल्या. लोकरीच्या कापडावरची अशी चकाकी वाफ आणि ब्रश यांनी बरीच कमी होऊ शकते, कारण तिथे तंतू दबलेले असतात. पॉलिएस्टरचा पृष्ठभाग वितळून आलेली चकाकी परत जात नाही.

वेळ वाचवण्याच्या युक्त्यांबद्दल माझे मत कडक आहे. तापमान वाढवून वेळ वाचतो, हे मी अनेकांकडून ऐकले आणि दोनदा करूनही पाहिले. वेळ वाचतो तो ओलाव्याने. सुती कापडाच्या रेणूंमधले बंध पाण्याने आणि उष्णतेने सैल होतात, आणि कापड सपाट धरलेले असताना ते कोरडे होऊन निवले की बंध त्या सपाट अवस्थेत पुन्हा जुळतात. सुरकुती जाते ती यामुळे. म्हणून कडकडीत वाळलेल्या सुती कपड्यावर पाणी शिंपडून तो गुंडाळून थोडा वेळ ठेवावा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते आणि एकाच फेरीत काम होते. इस्त्री झालेला कपडा गरम असतानाच घडी करून ढिगात ठेवला, तर घडीच्या जागी आणि वरच्या वजनाखाली नव्या सुरकुत्या पडतात. शर्ट हँगरवर टांगावा, पुढचा घ्यावा, आणि तो होईपर्यंत आधीचा निवू द्यावा. घाई करणाऱ्यांचे निम्मे काम या एका चुकीमुळे दुसऱ्यांदा करावे लागते. खळीचे तयार फवारेसुद्धा मी गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय वापरत नाही, कारण तळावर त्यांचा थर बसतो आणि तो पुढच्या पांढऱ्या कपड्यावर उतरतो.

शिकवणाऱ्यांविषयीही थोडे सांगावेसे वाटते. मला सुरुवातीला ज्यांनी शिकवले त्यांनी फक्त वेग दाखवला, आणि त्या वेगाकडे बघून आपल्याला हे कधी जमणार नाही असे मला वाटू लागले. नंतर एका वयस्कर काकांनी, ज्यांचे आयुष्य या कामात गेले होते, मला त्यांच्या हातून करपलेल्या कपड्यांविषयी सांगितले. कोणता कपडा, तळ किती तापलेला होता, गिऱ्हाइकाला काय सांगितले, सगळे तपशिलात. शिकावे ते अशा माणसाकडून. स्वतःच्या चुका न सांगणाऱ्या माणसाकडून हात कसा फिरवावा हे कळेल, पण अडचणीच्या वेळी काय करावे हे कळणार नाही. काकांनी मला एकच जुना शर्ट दिला होता. तो ओला करायचा, पिळायचा आणि पुन्हा इस्त्री करायची, असे मी आठवडाभर केले. कंटाळवाणे होते, पण कॉलरला चुणी न पडता ती एका फेरीत करणे मला त्यातूनच आले.

दर ठरवताना पिशवीवर किंवा वजनावर काम घेऊ नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन. एका किलोच्या जाड टॉवेलांना जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ एक किलो पातळ झालरीच्या कपड्यांना लागतो. पहिल्या दहा पिशव्यांचा वेळ घड्याळ लावून लिहा, पण इस्त्री कापडावर असतानाचाच वेळ धरू नका. तपासणे, वेगळे करणे, पाणी शिंपडणे, घडी घालणे, बांधणे, देणे-घेणे, सगळे त्यात आले पाहिजे. शर्टाला सहा मिनिटे लागतात असे मी धरत होते. सगळे मोजल्यावर ती दहाच्या वर गेली, आणि माझा दर इतके दिवस का पुरत नव्हता हे त्या दिवशी समजले. विजेचा खर्चही अंदाजाने धरू नये. दोन हजार वॉटची इस्त्री तासाभरात पूर्ण दोन युनिट घेतेच असे नाही, कारण ठरलेल्या तापमानाला पोचली की ती आपोआप बंद-चालू होत राहते. काम सुरू करताना आणि संपताना मीटर वाचला की खरा आकडा मिळतो. नातेवाइकांसाठी वेगळा दर ठेवायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगावा. नंतर सांगणे फार कठीण जाते.

पाठीचे दुखणे पहिल्या महिन्यात येते आणि त्याने घाबरून काम सोडू नये. माझी फळी चार बोटे खाली होती एवढेच कारण निघाले. खांदे न उचलता आणि कमरेतून न वाकता इस्त्री चालवता येईल इतकी फळी उंच घ्यावी, पायांखाली जाड चटई टाकावी आणि तासाभराने थांबावे. इस्त्री थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावी. वाढीव वायर वापरावीच लागली तर ती तेवढ्या भाराची आणि पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळलेली वायर आतून तापते. दारावर कोणी आले तर प्लग काढूनच जावे. वाफेच्या इस्त्रीची टाकी काम संपल्यावर रिकामी करावी. जड पाण्याचा क्षार आत साचला की तो एक दिवस तपकिरी थेंबांच्या रूपाने बाहेर येतो, आणि तो येतो तेव्हा फळीवर नेमका पांढरा कपडा असू शकतो.

कपडे परत देतानाही ते बांधून दारात हातात ठेवू नका. घेणाऱ्या व्यक्तीसमोर नग मोजा, घेताना लिहिलेला दोष वहीत दाखवा, सैल असलेले बटण तसेच आहे हे कपड्यावर दाखवा, आणि त्या ओळीपुढे तारीख घालून तिची सही घ्या. पुढची पिशवी ती तिथेच तुमच्यापुढे करेल. तीसुद्धा उघडा.