स्पॅनिशभाषक नवशिक्यांना ‘स्नो’ शिकवताना

शिकागोच्या पिल्सन आणि लिटल व्हिलेज या भागांत मेक्सिकोतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील प्रौढांना स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या मराठी मित्रांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की हवामानाचे दहा शब्द एका तासात फळ्यावर उतरवण्याऐवजी तो तास ‘स्नो’ या एकाच शब्दाला द्यावा.

अर्थासाठी ‘निएवे’ हा बर्फाचा स्पॅनिश शब्द सांगितला तरी पुरते. मात्र सोबत चित्र दाखवावे, कारण मेक्सिकोत फळांच्या रसाच्या गोठवलेल्या गोड पदार्थालाही ‘निएवे’ म्हणतात.

खरे कष्ट उच्चाराचे आहेत. स्नान, स्नेह हे शब्द आपल्या तोंडी रुळलेले असल्यामुळे आपल्याला यातली अडचण सहसा जाणवत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘स’ आणि त्याला जोडून आलेले व्यंजन यांनी शब्दाचा आरंभ होत नाही, आधी ‘ए’ लागतो. लॅटिनमधील ‘स्कोला’चे (शाळा) तेथे ‘एस्क्वेला’ झाले ते याच नियमाने, आणि विद्यार्थी ‘एस्नो’ म्हणतो तेही त्यामुळेच. ‘ए’ गाळा, असे नुसते बजावून काही साधत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी श्वास पुरेल तोवर ‘स’ लांबवायला लावावा आणि तो न तोडता ‘नो’ म्हणवून घ्यावे. स्पॅनिशभाषकांचा ‘स’ अशा ठिकाणी ‘मिस्मो’ (तोच) या स्पॅनिश शब्दातल्याप्रमाणे घोष, म्हणजे गळ्यात कंप होऊन उच्चारलेला, होऊ लागतो, म्हणून गळ्यावर बोटे ठेवून ‘स’ म्हणताना कंप जाणवत नाही ना, हे ज्याचे त्याला तपासू द्यावे.

त्यानंतर वाक्याकडे वळावे. बर्फ पडतो, हे सांगायला स्पॅनिशमध्ये ‘निएवा’ हे एकटे क्रियापद पुरते, कर्ता लागतच नाही. साहजिकच नवशिके ‘इट’ सोडून ‘इज स्नोइंग’ म्हणतात. येथे व्याकरणाचे विवेचन लांबवू नये. ‘इट्स स्नोइंग’ हे एका दमात, एकच शब्द असल्यासारखे म्हणवून घ्यावे, म्हणजे ‘इट्स’मधला ‘स’ पुढच्या ‘स’ला मिळतो आणि मध्ये ‘ए’ शिरायला जागा राहत नाही. मला हा उपाय सर्वांत गुणकारी वाटतो.

सरावासाठी पुस्तकाबाहेरचे साहित्य घ्यावे. शिकागोत दोन इंच बर्फ साचला की ठरावीक मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करण्यास मनाई करता येते, आणि तेथे तशा पाट्याही लावलेल्या असतात. अशा पाटीचे छायाचित्र वर्गात न्यावे आणि गाडी बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ते आधी वाचून घ्यावे.