चौकातला कॅमेरा कोणाच्या हुकमाने? माहिती अधिकारात विचारायचं कसं

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर बंधन घालायचं तर सरकारकडे कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशापुरताच हवा. ठाण्याच्या तीन हात नाक्यावरच्या किंवा नवी मुंबईत वाशीच्या शिवाजी चौकातल्या कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे. या गोष्टी कागदावर आहेत का, हे कोणीही नागरिक विचारू शकतो आणि विचारायलाच हवं.

आधी कॅमेरा कोणाचा ते बघा. रस्त्यावरचा असेल तर महापालिका (ठाण्याची पाचपाखाडीला, नवी मुंबईची बेलापूरला) किंवा त्या शहराचं पोलीस आयुक्तालय. अनेकदा खरेदी एकाची आणि चित्रण पाहणारा दुसरा असतो, म्हणून दोघांकडे वेगळे अर्ज टाका. नवी मुंबईत स्टेशनची इमारत सिडकोने बांधलेली असली तरी फलाटावरच्या कॅमेऱ्यासाठी रेल्वेकडे, म्हणजे केंद्राच्या पोर्टलवर जावं लागतं. कार्यालय चुकलं म्हणून अर्ज परत देऊ लागले तर घेऊ नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे.

बहुतेक अर्ज मजकुरातच फसतात. ‘आमच्यावर पाळत का ठेवता?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात असलेला अभिलेख, म्हणजे नोंदी आणि कागदपत्रं, म्हणून कागदाचं नाव घेऊन साक्षांकित प्रत मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, एवढीच मुभा आहे. मजकूर साधारण असा:

‘अमुक चौकातील सीसीटीव्ही प्रकल्पाबाबत पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: मंजुरीचा ठराव किंवा आदेश, निविदेतील कामाची व्याप्ती व तांत्रिक तपशील, ठेकेदाराशी झालेला करारनामा, चित्रण किती दिवस ठेवावे व कोणाला द्यावे याबाबतची कार्यपद्धती, चित्रण कोणाला दिले याची नोंदवही.’

यात सगळ्यात बोलका कागद निविदेचा. चेहरा ओळखणारी किंवा नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा घेतली असेल तर ती तांत्रिक तपशिलात लिहिलेली सापडते, मग जाहीर कार्यक्रमात काहीही सांगितलेलं असो. कार्यपद्धतीच नाही असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा. नियमाविना चित्रण चालू आहे, याची ती लेखी कबुली आहे.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो. प्रतींना पानाला २ रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

नकार बहुधा कलम ८(१)(क) म्हणजे सुरक्षा, किंवा (ज) म्हणजे तपासात अडथळा, असं सांगून येतो. नुसता कलमाचा आकडा पुरत नाही. नकार योग्य का, हे पटवण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे. कॅमेऱ्यांच्या जागा आणि पासवर्ड झाकून बाकीचा भाग कलम १० खाली द्या, असं अपिलात स्पष्ट लिहा. ठराव आणि करार देण्याने कुठलाही तपास बिघडत नाही. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरच्या कोकण भवनात.

स्वतःचं चित्रण हवं असेल तर मात्र घाई करा. ठराविक दिवसांनी जुन्यावर नवं चढतं, आणि उत्तर येईपर्यंत ते पुसलं गेलेलं असतं. घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ आणि खांबाची जागा लिहून ‘हे चित्रण जतन करावे’ असं वेगळं पत्र द्या, पोच घ्या आणि इतरांचे चेहरे धूसर करूनच प्रत मागा.