सोलापुरात जॅझ वाजवायचाय? आधी माणसं जमवा

सॅक्सोफोन वाजवतो म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या बँडात?" पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण मी खरोखरच लग्नाच्या बँडात शिकलो. आमचे मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे आणि "रीड चावू नको लेका" एवढंच सांगायचे. रीड म्हणजे तोंडात धरायची वेताची पातळ पट्टी. वरातीत 'शोला जो भडके' इतक्यांदा वाजवलं की झोपेतही बोटं चालायची. पुष्कळ वर्षांनी समजलं, की १९५१ च्या 'अलबेला'तल्या त्या गाण्यामागे सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट होते. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे ट्रम्पेटवादक. म्हणजे मी वरातीत घोड्यापुढे जॅझच्या चुलतभावालाच फुंकत होतो.

नव्याने या वाटेला येणारे मला विचारतात, कुठला क्लास लावू, कुठलं वाद्य घेऊ. वाद्याचं थोडक्यात सांगतो. सॅक्सोफोनच्या प्रकारांतलं आल्टो घ्या, जुनं चालेल, पण घेण्याआधी वाजवणाऱ्या माणसाकडून पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या गाद्या, तपासून घ्या. पॅड गळत असले तर खालचे सूर लागतच नाहीत आणि तुम्ही सहा महिने स्वतःलाच दोष देत बसता. रीड सुरुवातीला दोन नंबरची, म्हणजे मऊ. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ती वाळून वेडीवाकडी होते, म्हणून वापरली की पुसून बंद डबीत ठेवायची.

आल्टोची एक गंमत आधीच माहीत असू द्या, माझी फजिती झाली तशी तुमची नको. नोटेशनच्या कागदावरचा सी हा सूर आपण वाजवला की ऐकू येतो तो ई फ्लॅट. पहिल्या तालमीला मी कीबोर्डवाल्याचाच कागद समोर ठेवून जोरात सुरुवात केली. दोन बार, म्हणजे मात्रांचे दोन ठरावीक गट गेले, तिसऱ्याला ड्रमवर बसलेल्या अण्णांनी काड्या खाली ठेवल्या. "काय वाजवायलास बे?" त्या रात्री बसून सगळे कागद पुन्हा लिहिले. कीबोर्ड सी मध्ये असेल तर आल्टोचा कागद ए मध्ये, हे तेव्हापासून विसरलो नाही.

शिकायचं कसं, यावर माझं मत जरा हेकट आहे. स्केलची पुस्तकं बाजूला ठेवा, एक चीज पाठ करा. मी अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डमधली 'सो व्हॉट' धरली. ज्याला जॅझवाले डोरियन म्हणतात ते सूर म्हणजे आपला काफी थाट, कोमल गंधार आणि कोमल निषाद. पहिले १६ बार डी वर, मग ८ बार अर्धा सूर वर चढून ई फ्लॅटवर, मग ८ बार पुन्हा खाली. एकूण ३२. ऐकायला सोपं वाटतं. वाजवताना मात्र नवा माणूस हमखास विसरतो की आपण कितव्या बारात आहोत. आपल्याकडे सम हुकली की तबलजी डोळ्यांनी सांगतो. इथे कुणी सांगत नाही, सगळे पुढे निघून जातात आणि तुम्ही रिकाम्या फलाटावर उभे. उपाय एकच: दुसरा वाजवत असताना मूळ धून मनात गुणगुणत राहायची.

आणि म्हणूनच माणसं. जॅझ एकट्याने घरात शिकता येतो, असं मला वाटत नाही. आमचे चौघे असे: अण्णा घरी तेलुगू बोलतात आणि दिवसभर यंत्रमागावर असतात, बासवाला कन्नड बोलतो, कीबोर्डवाला शाळेत पेटी शिकवतो आणि मी. भांडण मराठीत होतं. दर सोमवारी रात्री बसायचं, मग कुणाकडे पाहुणे असोत की परीक्षा. आमच्याहून कितीतरी तयारीची एक-दोन पोरं येऊन गेली. हात जबरदस्त, पण स्वतःचा सोलो झाला की मोबाइल बघायची. ती टिकली नाहीत, आम्हीही आग्रह केला नाही.

पोट मात्र जॅझवर भरत नाही, हे आधीच लिहून ठेवा. लग्नं, गणपती, ऑर्केस्ट्रा, शिकवण्या यावर घर चालतं. जॅझचा कार्यक्रम बहुतेक पुण्यात मिळतो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जाता येतं, पण परतीची हुतात्मा संध्याकाळीच सुटते, म्हणजे आपण वाजवायला उभं राहण्याआधी. मग मध्यरात्रीनंतर येणाऱ्या सिद्धेश्वर एक्सप्रेसची वाट बघत फलाटावर सॅक्सची पेटी कवटाळून बसायचं. एका हॉटेलने तीन तास वाजवून घेतलं आणि 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणाले. तो आठवडा अजून उजाडलेला नाही. तेव्हापासून तारीख, तास, साउंड कुणाचा, जेवण आहे का, सगळं मेसेजमध्ये लिहून घेतो आणि निम्मे पैसे आधी.

स्वतःच्या धुना करायला लागलो ते अण्णांमुळे. मागाचा ठेका ते टेबलावर बोटांनी वाजवत बसायचे, खटक-खट, खटक-खट, मध्येच धोटा अडकल्यासारखी एक रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेवर मी दोन सूर टाकले. मधला भाग बासवाल्याला सुचला. तो भाग कुणाचा, यावर पुढे चांगलं महिनाभर धुसफुसलं, म्हणून सांगतो: धून तयार झाली त्याच दिवशी कागदावर लिहा, कुणाचा वाटा किती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. रचनेचा हक्क तर रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. नातवंडांच्या भांडणाची सोय कशाला करायची!

स्टुडिओ परवडत नव्हता. अण्णांच्या मालकांचं गोदाम एका सुट्टीच्या रात्री मिळालं. पत्र्याचं छप्पर, टाळी वाजवली की चार टाळ्या ऐकू येत. मग गोदामातल्याच चादरी काढल्या, दोऱ्या बांधून चारी बाजूंनी दुहेरी टांगल्या. टाळी एकच झाली. ड्रमची खालची गडगड चादरींनी थांबत नाही, तिच्यासाठी सुताच्या गासड्या कोपऱ्यात रचल्या. माइक सॅक्सच्या कर्ण्यात घालू नका, फूटभर लांब ठेवून बोटांखालच्या किल्ल्यांकडे वळवा. आणि वेगवेगळं रेकॉर्ड करून जोडत बसू नका, एकत्र वाजवा. 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चमधल्या स्टुडिओत दोनच दिवसांच्या बैठकांत झाली, समोरासमोर.

आमचे पहिले दोन टेक वाया गेले. एकात लाइट गेली, दुसऱ्यात मीच बार चुकलो. तिसऱ्याला, रात्री दोनच्या सुमारास, सगळं जुळत आलं आणि शेवटच्या आठ बारांत बाहेर कुत्रं भुंकलं. नेमकं धोट्याच्या त्या रिकाम्या जागेत. अण्णा हसले, तेही माइकमध्ये आलं. बासवाला म्हणाला, परत करू. कीबोर्डवाल्याने तोवर चादरींच्या घड्या घालायला घेतल्या होत्या.